माणसांची मोजणी, मतांची मोजणी

साशंक : सरकार दोन पक्षांचं असलं तरी त्याचा शब्द एक असावा, एवढी माझी अपेक्षा आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये काय झालं ते आठवा. १४ तारखेला पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी हॅम्पशायरमधल्या रॉम्सी इथं स्थलांतरावर भाषण केलं. दरवर्षी देशात येणारे आणि देश सोडून जाणारे यांच्यातली तफावत दोन लाखांच्या वर गेली होती. ती लाखाच्या आत आणू, हे वचन त्यांनी पुन्हा दिलं. इंग्रजी न येणारी, मिसळायची फारशी इच्छा नसलेली माणसं मोठ्या संख्येनं आल्यामुळे काही वस्त्यांमध्ये अवघडलेपण आलं आहे, असंही ते म्हणाले. त्याच दिवशी त्यांच्याच मंत्रिमंडळातले, भागीदार लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांनी जाहीरपणे सांगितलं, की हे बोलणं अत्यंत अविचारी आहे आणि त्यानं टोकाच्या विचारांना चिथावणी मिळू शकते. आता सामान्य नागरिकानं कुणाचं खरं धरायचं? व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यानं कुणाच्या भरवशावर राहायचं? एकमत होत नसेल तर सरकारातून बाहेर पडावं. आत राहायचं असेल तर तोंड आवरावं.

सुधारक : तोंड आवरायला हवं होतं, पण ते केबल यांनी नव्हे. मे २०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन पक्षांनी लेखी करार केला होता. त्यात युरोपीय संघाबाहेरून कामासाठी येणाऱ्यांवर वार्षिक मर्यादा घालायचं ठरलं होतं, तेवढंच. एकूण तफावत लाखाच्या आत आणायची, हे त्यात कुठंही नव्हतं. ते कॅमेरन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं वचन होतं. एकत्र कुटुंबात थोरल्यानं धाकट्याला न विचारता शेत गहाण टाकावं आणि धाकट्यानं मात्र घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसावं, असं तुम्ही म्हणताय. केबल बोलले नसते, तर लोकांनी ते वचन सगळ्या सरकारचं मानलं असतं. त्यांच्या बोलण्यानं एवढं तरी कळलं, की हे एका पक्षाचं म्हणणं आहे आणि दुसऱ्याला ते मान्य नाही. शिवाय भाषणाची वेळ पाहा. बरोबर तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी, स्थानिक निवडणुका होत्या आणि त्याच दिवशी मतदानपद्धत बदलण्यावर सार्वमत होतं. एका पक्षाला आपला नाराज मतदार परत आणायचा होता, दुसऱ्याला सार्वमत जिंकायचं होतं. स्थलांतर आणि मतदान हे दोन विषय त्या तीन आठवड्यांत वेगळे राहिलेच नाहीत.

साशंक : ते एकमेकांत गुंतले, हे मान्य. पण गुंतवले कुणी? धाकट्या पक्षानं स्वतःच. त्यांना २०१० च्या निवडणुकीत २३ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ६५० पैकी ५७. अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्या अन्यायावर त्यांनी काय मागून घेतलं? पसंतीक्रमाचं मतदान. त्यात जागा मतांच्या प्रमाणात मिळतच नाहीत. मतदारसंघ तोच, खासदार एकच. फक्त मतदारानं नावापुढं १, २, ३ असे क्रम लिहायचे आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर शेवटच्या उमेदवाराची मतं त्यांच्या पुढच्या पसंतीला द्यायची. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मोजणी करताना मध्यरात्र उलटते, ती याच रीतीनं. त्यांचे नेते निक क्लेग यांनी निवडणुकीआधी, एप्रिल २०१० मध्ये, याच पद्धतीला दयनीय छोटी तडजोड म्हटलं होतं. वर्षभरानं ते त्याच तडजोडीसाठी मतं मागत फिरत होते. जी गोष्ट स्वतःलाच पटलेली नाही, तिच्यापायी विद्यापीठांचं शुल्क वाढू न देण्याचा शब्द मोडायचा, नोकरवर्गाच्या व्हिसावरची मर्यादा गिळायची आणि मग भागीदाराच्या भाषणावर आवाज चढवायचा! यात तत्त्व कुठं दिसतं तुम्हाला?

सुधारक : तत्त्व दिसतं, पण ते दुबळ्याच्या हातातलं आहे, म्हणून तोकडं दिसतं. या पक्षाचा आणि त्याच्या पूर्वज लिबरल पक्षाचा इतिहास बघा. १९३१ मध्ये रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या मजूर पक्षाच्या अल्पमतातल्या सरकारच्या काळात हीच पसंतीक्रमाची पद्धत आणणारं विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झालं होतं. वरिष्ठ सभागृहानं ते अडवलं, सरकार पडलं, विषय संपला. फेब्रुवारी १९७४ मध्ये लिबरल पक्षाला साठ लाख मतं पडली आणि जागा मिळाल्या १४. १९८३ मध्ये त्यांच्या आघाडीला २५ टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा २३. मजूर पक्षाला त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन टक्के मतं अधिक आणि जागा २०९. ऐंशी वर्षं दार ठोठावणाऱ्याला दरवाजा फटीएवढा उघडलेला दिसला, तर तो पूर्ण उघडेपर्यंत थांबतो म्हणणार नाही. त्यात पाय घालील. आणि ती फट अगदीच निरुपयोगी नव्हती. २०१० मध्ये निवडून आलेल्या खासदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश असे होते, की त्यांच्या मतदारसंघात मतदान केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी त्यांना मत दिलेलं नव्हतं. नॉरिच साउथमध्ये तर २९.४ टक्के मतांवर खासदार झाला, आणि तोही लिबरल डेमोक्रॅट होता, हे मी लपवत नाही. म्हणजे या पद्धतीचा फायदा त्यांनाही होत होता आणि तरी ते ती बदलायला निघाले होते.

आता स्थलांतराकडे या. लंडनच्या हाउन्स्लोमध्ये भाड्यानं राहणारा पुण्याचा संगणक अभियंता डोळ्यांपुढं आणा. कंपनीनं पाठवलेला, भारतीय पासपोर्ट असलेला. ब्रिटनच्या कायद्यानं राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक, तिथं वैध परवान्यावर राहत असतील तर, संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. या अभियंत्यालाही २०१० मध्ये मत होतं आणि २०११ च्या सार्वमतातही होतं. त्याच्या शेजारचा पोलिश गवंडी युरोपीय संघाचा नागरिक. त्याला स्थानिक निवडणुकीत मत होतं, पण या सार्वमतात नव्हतं. कॅमेरन ज्याला आकड्यात मोजत होते, तोच अभियंता मतपेटीपाशी मोजला जाणार होता. त्याचं मत मोलाचं ठरलं असतं, तर त्याच्याविषयी बोलताना उमेदवारानं दोनदा विचार केला असता. खात्रीच्या मतदारसंघात त्या मताला काही किंमत नसते. कुणाची तरी दुसरी पसंती मिळाल्याशिवाय जिंकता येणार नाही, अशी वेळ आली, की ती येते.

साशंक : तुम्ही तुमच्या अभियंत्यापाशीच थांबलात. त्याच मतदारसंघात अतिउजव्यांना मत देणारा माणूसही राहतो आणि त्याचीही दुसरी पसंती असते. विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच होता. कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्या सईदा वॉर्सी यांनी तो उघड मांडला : ही पद्धत आली तर शर्यतीत शेवटी राहिलेल्या पक्षांची मतं वळवण्यासाठी उमेदवार त्यांच्या भाषेत बोलू लागतील. अतिउजव्या ब्रिटिश नॅशनल पार्टीला २०१० मध्ये साडेपाच लाखांहून जास्त मतं पडली होती. एवढ्या दुसऱ्या पसंती रस्त्यावर पडलेल्या असताना कुणी वाकून उचलणार नाही, असं मानायला मी तयार नाही. आणि ऑस्ट्रेलियाचं काय? तिथं कनिष्ठ सभागृहासाठी १९१८ पासून हीच पद्धत आहे. तरी गोऱ्यांखेरीज कुणाला येऊ न देण्याचं धोरण तिथं १९७३ पर्यंत टिकलं. बोटीनं आश्रयाला येणाऱ्यांना नाउरूसारख्या बेटावर नेऊन डांबणारं सरकार याच पसंतीक्रमानं निवडून आलेलं होतं. मतपत्रिकेवर आकडे लिहिल्यानं माणसाचं मन मोठं होत नाही. पदवीधरांच्या निवडणुकीतही आपल्याकडचे बरेच उमेदवार पहिल्या पसंतीचंच मत मागतात, दुसरी द्या म्हणत दारात येत नाहीत, आणि बाद मतांचे गठ्ठे पदवीधरांच्याच पेट्यांतून निघतात.

सुधारक : ऑस्ट्रेलियाचा आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो मी टाळणार नाही. पण तिथलीच १९९८ ची निवडणूकही पाहा. पॉलीन हॅन्सन यांनी आशियाई स्थलांतराविरुद्ध मोठा गदारोळ उठवला होता. क्वीन्सलँडमधल्या ब्लेअर मतदारसंघात त्यांना पहिल्या पसंतीची सुमारे ३६ टक्के मतं पडली, सगळ्यांत जास्त. ब्रिटनच्या पद्धतीनं त्या त्याच दिवशी निवडून आल्या असत्या. पण बाकीच्या मतदारांनी आपल्या पुढच्या पसंती त्यांच्या विरोधात दिल्या आणि पहिल्या फेरीत तिसरा असलेला उमेदवार जिंकला. ब्रिटिश नॅशनल पार्टीनं २०११ च्या सार्वमतात 'नको'च्या बाजूनं प्रचार केला, हेही तेव्हाच्या गोंगाटात विरून गेलं. त्यांना पूर्ण प्रमाणशीर पद्धत हवी होती, कारण तिच्यानंच २००९ मध्ये त्यांचे दोन सदस्य युरोपीय संसदेत गेले होते. पसंतीक्रमात आपण कुणाचीच दुसरी पसंती नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही पुढचं मान्य करते : हॅन्सन हरल्या, पण त्यांच्या मागण्यांपैकी बरंच काही पुढं मोठ्या पक्षानं उचललं. हा प्रवास मतपद्धत थांबवू शकत नाही.

मात्र ब्रिटनच्या पद्धतीत तो प्रवास आणखी आडवाटेनं होतो आणि म्हणून मला जास्त धोकादायक वाटतो. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणारा यूकिप हा पक्ष घ्या. २०१० मध्ये त्यांना तीन टक्के मतं, जागा शून्य. २०१४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत, जिथं प्रमाणशीर पद्धत होती, तो पक्ष ब्रिटनमध्ये पहिला आला. २०१५ मध्ये अडतीस लाखांहून जास्त मतं, म्हणजे १२.६ टक्के, आणि खासदार एक. या मतांना सभागृहात बसायला जागा नव्हती. ती कुठं गेली? कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांच्या उरात धडकी बनून राहिली. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या मतदारसंघात यूकिपनं पाच हजार मतं खाल्ली तर आपण गेलो. युरोपीय संघावर सार्वमत घेण्याचं वचन जानेवारी २०१३ मध्ये दिलं गेलं, त्यामागचा हा एक मोठा रेटा होता.

साशंक : म्हणजे तुमच्या मनाजोगती प्रमाणशीर पद्धत असती, तर २०१५ मध्ये यूकिपचे ऐंशीएक खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये बसले असते. ते तुम्हाला चाललं असतं? तुमच्या हाउन्स्लोच्या अभियंत्याला हे समजावून सांगा, की तुझ्या भल्यासाठी आम्ही तुला घालवू पाहणाऱ्यांना ऐंशी जागा देतो आहोत.

सुधारक : चाललं असतं, असं म्हणताना मला आनंद होत नाही. पण हो. दुसऱ्यांची मतं मोजायची आणि मला न आवडणाऱ्यांची मोजायची नाहीत, अशी सुधारणा मी मागू शकत नाही. आणि त्या अभियंत्याला मी आणखी एक गोष्ट सांगेन. सभागृहात बसलेल्या माणसाला आकड्यांचा हिशेब द्यावा लागतो. 'लाखाच्या आत' हे वचन शक्य आहे का, हा प्रश्न रुग्णालयं, विद्यापीठं आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्यांसमोर त्याला सोडवावा लागतो. बाहेर उभा असलेला फक्त दर्शक म्हणून ओरडतो आणि आतला घाबरून त्याचं म्हणणं कायद्यात लिहितो. त्या वचनाचा गाभाच पाहा. तफावत म्हणजे आलेले वजा गेलेले. गेलेल्यांवर सरकारचा ताबा नाही, ब्रिटिश माणूस स्पेनला राहायला जातो की नाही हे गृहखातं ठरवत नाही. आलेल्यांपैकी युरोपीय संघातून येणाऱ्यांवरही तेव्हा ताबा नव्हता. ते मुक्त संचाराच्या करारानं येत होते. मग हातात उरले कोण? संघाबाहेरचे विद्यार्थी, नोकरदार आणि लग्नाचे जोडीदार. त्यांच्यातही मोठा गट भारतीयांचा. लाखाचा आकडा गाठण्याचं सगळं ओझं त्यांच्या खांद्यावर पडलं आणि ते तसं पडणार हे केबल यांनी आधीच ओळखलं होतं. २०१० मध्येच त्यांनी सांगितलं होतं, की कामासाठी येणाऱ्यांवरच्या मर्यादेनं उद्योगांचं मोठं नुकसान होतं आहे.

साशंक : आता तुम्ही मूळ मुद्द्यावर आलात आणि इथं मी तुम्हाला सोडणार नाही. केबल यांनी ओळखलं होतं, क्लेग यांनी ओळखलं होतं. मग झालं काय? शिक्षण संपल्यावर दोन वर्षं नोकरी करायची मुभा देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला. पुण्या-मुंबईतली शैक्षणिक कर्ज काढून गेलेली मुलं, पहिला हप्ता ब्रिटनमधल्या पगारातून फेडू असा हिशेब करून गेलेली, मध्येच अडकली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. जुलै २०१२ पासून परदेशी जोडीदाराला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंडांचं उत्पन्न दाखवणं सक्तीचं झालं. २०१३ च्या उन्हाळ्यात गृहखात्यानं लंडनच्या सहा भागांत गाड्या फिरवल्या, त्यांच्या पाठीवर फलक : बेकायदा राहत असाल तर घरी जा, नाहीतर अटक होईल. त्या भागांत हाउन्स्लो होतं, ईलिंग होतं, ब्रेंट होतं. या तिन्ही ठिकाणी भारतीय वस्ती दाट आहे. केबल यांनी त्या गाड्यांना मूर्खपणाच्या आणि अपमानकारक म्हटलं. चांगलं केलं. आणि मग? २०१४ चा स्थलांतर कायदा आला. घरमालकानं भाडेकरूची कागदपत्रं तपासायची, बँकेनं तपासायची, अपिलाचे हक्क कमी करायचे. त्याला लिबरल डेमोक्रॅटांनी पाठिंबा दिला. त्याच वातावरणात पुढं कॅरिबियनमधून पन्नास-साठ वर्षांपूर्वी कायदेशीर आलेल्या म्हाताऱ्यांना कागद नाही म्हणून नोकरीवरून, घरातून आणि काहींना देशातूनही काढलं गेलं. २०१८ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं, गृहमंत्र्यांना जावं लागलं. दुपारी निषेध करायचा आणि संध्याकाळी त्याच बाजूनं मत द्यायचं, यापेक्षा मला गप्प बसणारा भागीदार परवडला. तो निदान फसवत तरी नाही.

सुधारक : हे मला खोडता येणार नाही. २०१४ च्या कायद्याला दिलेलं मत हे त्या पक्षाच्या अंगावरचं ओझं आहे आणि कुठल्याही भाषणानं ते उतरत नाही. तेवढं मान्य करून मी दुसरी बाजू मांडते, कारण तीही तितकीच खरी आहे. कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्याला ब्रिटनच्या शाखेत पाठवायचं असेल, तर तो वर्षाला २०,७०० व्हिसांच्या मर्यादेत धरायचा नाही, हे नोव्हेंबर २०१० मध्ये ठरलं. पगाराची अट घातली गेली, एका वर्षाहून जास्त राहायचं तर ४०,००० पौंडांची. पण दार उघडं राहिलं. त्यात उद्योगांचा दबाव होता, भारत सरकारचाही होता, आणि मंत्रिमंडळात त्या दोघांची बाजू घेणारा केबल यांच्यासारखा माणूस होता. २०१३ मध्ये भारत, पाकिस्तान, नायजेरिया अशा देशांतून येणाऱ्या काही पाहुण्यांकडून ३,००० पौंड अनामत घ्यायची योजना आली. मुंबईतल्या आईला लेकीच्या बाळंतपणाला जायचं तर आधी तीन लाख रुपये भरा, असा तिचा अर्थ होता. अनामतीची कल्पना आधी खुद्द क्लेग यांनीच मांडली होती, हे खरं आहे आणि ते मला आजही खटकतं. पण ती ज्या रूपात आली त्याला त्यांनी विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये योजना मागं घेतली गेली. आघाडीत अडवलेल्या गोष्टी दिसत नाहीत, झालेल्या दिसतात. म्हणून धाकट्याचा हिशेब नेहमी तोट्यातच निघतो.

आणि एकट्या पक्षाचं सरकार म्हणजे एक शब्द, या तुमच्या अपेक्षेचं पुढं काय झालं? आघाडी २०१५ मध्ये संपली तेव्हा तफावत तीन लाखांच्या वर होती. त्यानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं नऊ वर्षं भागीदाराशिवाय मंत्रिमंडळ चालवलं, युरोपीय संघातून देश बाहेर काढला, सगळा ताबा हातात घेतला. २०२३ मध्ये तफावत नऊ लाखांच्या वर गेली. अडवणारा भागीदार मंत्रिमंडळात नव्हता. शब्द एक होता, पण तो पाळला गेला नाही.

साशंक : ते वचनच खोटं होतं, एवढंच यातून सिद्ध होतं, आघाडी बरी असते, हे नाही. आणि एक गोष्ट तुम्ही अजून बोलला नाहीत : लोकांनी काय ठरवलं. ५ मे २०११ ला पद्धत बदलू नये म्हणणारे ६७.९ टक्के होते, बदला म्हणणारे ३२.१. देशातल्या ४४० मोजणी-विभागांपैकी फक्त दहा विभाग बदलाच्या बाजूनं गेले. त्याआधी दोन दिवस मंत्रिमंडळाच्या बैठकीत लिबरल डेमोक्रॅट ऊर्जामंत्री ख्रिस ह्यून यांनी विरोधी प्रचाराची पत्रकं पंतप्रधानांसमोर ठेवून जाब विचारला. त्या विरोधी प्रचारातला काही मजकूर लाज वाटावा असाच होता. आजारी बाळाचा फोटो आणि खाली, त्याला हृदयोपचार हवेत, नवी मतपद्धत नको. पण मतदार पत्रकांनी फसला, असं म्हणणं म्हणजे मतदाराचा अपमान. त्याला आघाडीचा वर्षभराचा अनुभव आला होता, शब्द मोडलेला दिसला होता आणि अशी सरकारं वारंवार यावीत, असं त्याला वाटलं नाही. पुढं वरिष्ठ सभागृह निवडून आणायचं विधेयक ९१ कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांच्या बंडानं कोसळलं, त्याचा बदला म्हणून लिबरल डेमोक्रॅटांनी मतदारसंघांच्या फेररचनेला खीळ घातली. देशाची घटना सुधारायची तर ती अशी अडवाअडवीनं? त्या मतदाराचं काही चुकलं नाही.

सुधारक : मतदार फसला, असं मी म्हणत नाही. मतदानच ४२ टक्के झालं. बहुतेकांना हा प्रश्न आपला वाटलाच नाही, कारण जो प्रश्न विचारला तो कुणालाच मनापासून हवा नव्हता. प्रमाणशीर पद्धत हवी का, हे त्यांना कधी विचारलंच नाही. आणि जुन्या पद्धतीनं ब्रिटनला खंबीर, एकसंध सरकारं मिळतात, हा आधार तरी आता उरला आहे का? २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ४११ जागा. रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मतं आणि पाच जागा. लिबरल डेमोक्रॅटांना त्याहून कमी मतं, १२.२ टक्के, आणि जागा ७२. यावेळी फायदा त्यांचा झाला आणि तरी मी म्हणेन, की हे बरोबर नाही. स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या रिफॉर्मच्या चाळीस लाखांहून अधिक मतदारांना पाच खासदारांत कोंबलं. त्यांचं म्हणणं त्यानं थांबलं नाही. उलट, सत्ताधारी पक्षाच्या भाषेत उतरू लागलं.

साशंक : तर मग माझा आक्षेप मी बदलून मांडतो, कारण बोलता बोलता तो माझ्यासाठीही बदलला आहे. भागीदारानं बोलावं की नाही, हा वाद मी सोडून देतो; बोलावं. पण बोलण्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. २०१५ मध्ये लिबरल डेमोक्रॅट ५७ वरून आठ जागांवर आले. 'लाखाच्या आत' हे वचन देऊन ते तीनपटीनं मोडणारा पक्ष स्पष्ट बहुमतानं परत आला. मतदारानं शिक्षा दिली ती शब्द मोडणाऱ्या धाकट्याला. शब्द मोडणारा थोरला सुटला. तुमची प्रमाणशीर पद्धत आली, तर अशी सरकारं नेहमीची होतील आणि प्रत्येक वेळी एक धाकटा असेल. ज्याला ठाऊक आहे की आत जाऊन बोललो तरी मरतो आणि न बोललो तरी मरतो, तो पुढच्या वेळी आत जाईल का? आणि गेला, तर आपल्या अभियंत्यासाठी एखादी योजना अडवण्यात आपली ताकद खर्च करील, की फक्त पुढच्या निवडणुकीत उठून दिसेल असं एखादं भाषण करील? याचं उत्तर मतपत्रिकेच्या रचनेत मला सापडत नाही.

सुधारक : मलाही पूर्ण सापडलेलं नाही. धाकट्यानं काय अडवलं हे मतदाराला दिसण्याची काही सोय हवी. प्रत्येक विधेयकावर कोणत्या पक्षानं काय मागितलं आणि काय सोडलं, याची नोंद आघाडीनं स्वतः प्रसिद्ध करावी, इतपत मी विचार करू शकले आहे. ती नोंदही प्रचाराचं हत्यार होईल, हे तुम्ही लगेच म्हणाल आणि तेही खरं असेल. पण एका गोष्टीवर आपण दोघं एकत्र येऊ शकतो. २०११ च्या त्या सार्वमतात हाउन्स्लोच्या अभियंत्याला मत होतं. त्याच्याविषयी त्या तीन आठवड्यांत इतकं बोललं गेलं आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांना आपल्याला मत आहे, हेच माहीत नव्हतं. अनेकांना ते आजही माहीत नाही. तेव्हा लंडन, स्लाउ, लेस्टर, मँचेस्टर, कुठंही राहणाऱ्या मराठी माणसाला सांगणं आहे : तुमच्या हातात भारतीय पासपोर्ट असेल, तुम्ही वैध व्हिसावर राहत असाल आणि वय अठरा पूर्ण असेल, तर ब्रिटनच्या संसदेसाठी तुम्हाला मत आहे. ब्रिटिश नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. मतदार यादीत नाव नोंदवा.